पलीकडून ‘हं’ म्हणणाऱ्या परबताई

शैला परब. हे नाव आधीच लिहून ठेवतो, कारण पुढे मी माझ्याबद्दलच बोलत सुटणार आहे आणि त्या नादात ते मागे पडेल. आमच्या कंपनीच्या वेबसाइटवर उजव्या कोपऱ्यात एक निळा गोल दिसतो. तो दाबला की छोटी खिडकी उघडते आणि आतून कुणीतरी विचारतं, ‘बोला, काय झालं?’ ती खिडकी मी बनवली असं ऑफिसात म्हणतात. मीही म्हणू देतो. कोड माझा आहे, त्यातल्या चुका तर नक्कीच माझ्या आहेत. पण ती खिडकी माणसासारखी वागते, ते परबताईंमुळे.

कंपनी अंधेरी पूर्वेला, एका औद्योगिक वसाहतीतल्या गाळ्यात. घरगुती पाण्याचे फिल्टर विकायचे आणि बिघडले की दुरुस्त करून द्यायचे, हा धंदा. बिघडलेल्या फिल्टरवाल्यांचे फोन घ्यायला एक टेबल होतं. तिथे तीन मुली आणि त्यांच्या प्रमुख परबताई. मी कामाला लागलो त्या सकाळी त्या माझ्याकडे पाठ करून बसल्या होत्या. कानाला हेडफोन, समोर वर्तमानपत्रावर लसणाच्या पाकळ्या. हात लसूण सोलत होते आणि तोंडातून एकच अक्षर निघत होतं. ‘‘हं… हं. हं? हंऽऽ. हं हं हं.’’ मला वाटलं बाईंचं काहीतरी दुखतंय. पाणी द्यावं की डॉक्टर बोलवावा, या विचारात मी उभाच राहिलो. मला लवकर काळजी वाटते. दारावरची बेल वाजली तरी वाटते.

नंतर कळलं, ते दुखणं नव्हतं, ती नोकरी होती. परबताईंच्या ‘हं’चे प्रकार होते. चिडलेल्या माणसाला एक लांब, खाली उतरत जाणारा ‘हं’ मिळायचा. त्याचा राग त्याच्याबरोबर जिना उतरायचा. थापा मारणाऱ्याला आखूड, कोरडा. एकट्या म्हाताऱ्यांना असा ‘हं’, की त्यांना वाटावं बाईंना आज दुसरं कामच नाही. एकदा मी धीर करून विचारलं, ‘‘ताई, एवढं हं हं कशाला?’’

‘‘फोनवर माणूस दिसत नाही रे. आपण गप्प बसलो की पलीकडच्याला वाटतं, मेली बाई. मग तो ओरडतो. तो रागावलेला नसतो, घाबरलेला असतो.’’

घाबरलेल्या माणसाबद्दल इतकं आपुलकीनं बोलणारं मला मुंबईत दुसरं कुणी भेटलं नव्हतं. मी खुर्ची थोडी त्यांच्या बाजूला सरकवली.

माझी निवड कशी झाली तेही सांगतो. मी हिंगोली जिल्ह्यातला. शाळेत गणिताने मला सोडलं की मी गणिताला, हा वाद अजून मिटलेला नाही. तालुक्याला मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात बसलो, तिथे रिकाम्या वेळात व्हिडिओ बघून वेबसाइट बनवायला शिकलो आणि त्या बळावर मुंबईत आलो. मालक महेशभाई, घाटकोपरचे. त्यांनी विचारलं, ‘‘शिक्षण?’’ मी म्हणालो, ‘‘चालू आहे.’’ त्यांचं लक्ष मोबाइलमध्ये होतं, ते पुढच्या प्रश्नावर गेले. परबताईंचं लक्ष मात्र इकडे होतं. दुपारी डबा उघडताना त्या म्हणाल्या, ‘‘शिक्षण चालू आसा म्हणतंस. खयपर्यंत पोचला?’’

राग, चेष्टा आणि माया, या तिन्हींसाठी ताई मालवणीत जायच्या. यातलं नेमकं काय आहे ते कळायला मला वर्ष लागलं.

‘‘नववी,’’ मी म्हणालो.

‘‘बराच हळू चालता रे!’’ त्या म्हणाल्या आणि डब्याचं झाकण माझ्याकडे सरकवलं. त्यात एक भाकरी होती. ‘‘मी पण अकरावीत भायर पडलंय. जेव आता.’’

तर खिडकीची गोष्ट. एका सकाळी महेशभाई मोबाइल नाचवत आले. ‘‘गजानन, हे बघ. दुसऱ्या पार्टीच्या वेबसाइटवर माणूस बसलाय. लिहिलं की लगेच जवाब देतो. आपल्याकडे का नाही?’’

‘‘होऊन जाईल सर,’’ मी म्हणालो. हे वाक्य मी मुंबईत शिकलो. ‘मला यातलं काहीही कळत नाही’ हे सांगायची ती नम्र पद्धत आहे.

‘‘दिवाळीपर्यंत दे. फोनच्या टेबलाचा खर्च वाचेल. तुला नाही जमलं तर बाहेरून तयार घेतो. मग वेबसाइट पण तेच लोक सांभाळतील.’’

मला फक्त शेवटचं वाक्य ऐकू आलं. वेबसाइट गेली की मी गेलो, आणि मी गेलो की थेट हिंगोली. तिथे माझ्या आईने सांगून ठेवलं होतं की पोरगा मुंबईला पाण्याच्या कंपनीत साहेब आहे. उन्हाळा लागला की गावातून फोन यायचे, एखादा टँकर पाठव म्हणून. अशा गावात नोकरी घालवून परत कसं जायचं? त्या भीतीत मधलं वाक्य, फोनच्या टेबलाचं, माझ्या कानावरून गेलं. परबताईंच्या गेलं नाही. त्यांनी हातातला लसूण खाली ठेवला, एवढं मला आठवतं.

मी कामाला लागलो आणि पहिल्याच पायरीवर आपटलो. साध्या वेबसाइटचं असं असतं की गिऱ्हाइकाने मागितलं, आपण पान दिलं, संबंध संपला. गप्पांना ते चालत नाही. कुणी काही लिहिलं तर ते आपोआप समोर यायला हवं. मी अक्कल लढवून पानाला दर सेकंदाला विचारायला लावलं, ‘काही आलं का? काही आलं का?’ चार-पाच लोकांनी पान उघडलं की ऑफिसचा सर्व्हर मान टाकायचा. जेवताना मी हे रडगाणं गायलो.

‘‘आमचा प्रसाद लहानपणी गावाला जाताना असाच करायचा,’’ परबताई म्हणाल्या. ‘‘कणकवली आली? कणकवली आली? डोकं उठवायचा. शेवटी मी सांगितलं, तू झोप, आली की मीच उठवते.’’

त्या प्रसादबद्दलच बोलत होत्या. माझ्या डोक्यात मात्र दिवा लागला. ज्या धड्याचा व्हिडिओ मी अवघड म्हणून सोडून दिला होता, वेबसॉकेट नावाचा, त्यात हेच होतं. एकदा लाइन उघडायची, उघडीच ठेवायची आणि काही आलं की सर्व्हरने स्वतः उठवायचं. मी आनंदाने ओरडलो, ‘‘ताई, कणकवली!’’ मुलींनी माझ्याकडे बघितलं आणि आपापले डबे थोडे लांब सरकवले.

खिडकी सुरू झाली. एका कॉम्प्युटरवर परबताई, दुसऱ्यावर मी. त्यांनी एका बोटाने शोधून शोधून ‘नमस्कार’ लिहिलं. तेवढ्यात ऑफिसचं वाय-फाय गेलं आणि परत आलं. माझ्या कोडने, निरोप पोचला की नाही या काळजीने, तो पुन्हा पाठवला. मग पुन्हा. मग आणखी पुन्हा. कोड शेवटी लिहिणाऱ्याच्या वळणावर जातो.

‘‘मेल्या, ही चॅट हा की आरती?’’ ताई म्हणाल्या.

ते सुधारलं. मग मला स्वतःची हुशारी दाखवायची हुक्की आली. समोरचा लिहीत असला की तीन ठिपके हलताना दिसतात, ते मी केले. पण खरंच कुणी लिहितंय का हे शोधणं किचकट होतं, म्हणून ठिपके कायमच हलते ठेवले. गिऱ्हाईक खूश राहील असा हिशेब. चाचणीसाठी आमच्या बोरिवलीच्या दुकानातल्या रेश्माला खिडकी उघडायला सांगितली आणि आम्ही जेवायला गेलो. परत येऊन फोन केला तर रेश्मा तशीच बसलेली. ठिपके हलतायत, म्हणजे उत्तर येतंय, या भरवशावर बिचारीने डबाही उघडला नव्हता.

परबताई खऱ्या चिडल्या त्या तेव्हा. ‘‘मी हं म्हणते तेव्हा मी ऐकत असते. तुझो कॉम्प्युटरचो डबो आयकणा नाय, नुसतो हं म्हणता! असल्या खोट्या हंपेक्षा गप्प बसलेला बरा.’’

शिक्षा म्हणून त्यांनी मला एक दिवस फोनवर बसवलं. पहिला फोन आला. मी म्हणालो, ‘‘हॅलो, हॅलो, आवाज येतोय का?’’ पलीकडच्या बाई म्हणाल्या, ‘‘येतोय, पण तुम्ही कुठून बोलताय?’’ मी घाबरून खरं उत्तर दिलं, ‘‘हिंगोलीहून.’’ बाई म्हणाल्या, ‘‘अरे देवा, आता मेकॅनिक तिकडून येणार?’’ आणि फोन ठेवला. संध्याकाळपर्यंत मी बरेच फोन घेतले, बरेच घालवले आणि ठिपके खरे करायचे ठरवले. समोरचा टाइप करेल तेव्हाच ते हलतील. खुर्चीत कुणी नसेल तर खिडकी तसं स्पष्ट सांगेल.

यानंतर परबताईंना खिडकीची गोडी लागली. त्या रोज दुपारी वेगवेगळी गिऱ्हाइकं व्हायच्या. बसल्या जागी खांदे बदलायचे, चष्मा नाकावर यायचा. ‘‘आज मी पार्ल्याची शिक्षिका,’’ म्हणायच्या आणि माझ्या उत्तरातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढायच्या. कधी वर्सोव्याची कोळीण व्हायच्या आणि मला बोलूच द्यायच्या नाहीत. त्यांची सगळ्यात रंगलेली भूमिका म्हणजे मुलुंडचे आजोबा. निवृत्त अधिकारी, प्रत्येक निरोपाची सुरुवात ‘महोदय’. मी उत्तर देता देता घामाघूम व्हायचो आणि त्या पलीकडून तोंडाला पदर लावून हसायच्या.

असे बरेच दिवस मी फक्त परबताईंनाच उत्तरं दिली. मग महेशभाई म्हणाले, ‘‘चालू करून टाक, बघू या.’’ दुपारी मी खिडकी खऱ्या वेबसाइटवर चढवली. आता तिथे खरी माणसं येणार, ही गोष्ट मी कुठेतरी लिहून ठेवायला हवी होती.

थोड्या वेळाने निरोप आला. ‘महोदय, आपल्या यंत्रातून टपटप असा आवाज येत असून माझ्या पत्नीच्या झोपेत व्यत्यय येत आहे. मुलुंड.’

मी खूश. लिहिलं, ‘आजोबा, आजींना कानात कापूस घालायला सांगा. बाकी, आज डब्यात बांगडा होता की सुरमई?’

ठिपके बराच वेळ हलले. अगदी खरे ठिपके. मग उत्तर आलं, ‘आम्ही शाकाहारी आहोत.’

मी इतका हसलो की खुर्ची मागे गेली. काय अभिनय! लिहिलं, ‘ताई, तुम्हाला बक्षीस द्यायला पाहिजे.’

‘मी ताई नाही. आपले नाव व हुद्दा कळवावा.’

टाळी द्यायला मी वळलो. परबताई फोनवर होत्या. समोर लसूण, कानाला हेडफोन. बोरिवलीच्या कुठल्या तरी बाईंना त्या लांब, उतरता ‘हं’ देत होत्या आणि त्यांचा कॉम्प्युटर बंद होता.

फोन संपल्यावर मी त्यांना नुसतं पडद्याकडे बोट दाखवलं. त्यांनी वाचलं. ‘‘बांगडो?’’ एवढंच म्हणाल्या आणि खिडकी उघडताना आजोबांनी भरलेला नंबर लावला. मग बराच वेळ आजोबाच बोलत होते. ताईंचे सगळे प्रकारचे ‘हं’ त्या एका फोनमध्ये वापरून झाले असतील. शेवटी मी त्यांना म्हणताना ऐकलं, ‘‘मुलगा चांगला आहे हो. त्याला वाटलं मीच आहे… हो, मी त्याला तुमच्यासारखं करून दाखवते, सरावासाठी… छे छे, चेष्टा नाही. अवघड गिऱ्हाईक म्हणून.’’ मग आजोबांचं हसू हेडफोनमधून बाहेरपर्यंत ऐकू आलं. मेकॅनिक त्याच संध्याकाळी गेला.

पण आजोबा पडले शिस्तीचे. हसण्याच्या आधीच त्यांनी सगळ्या संभाषणाचा फोटो काढून महेशभाईंना पाठवला होता.

दुसऱ्या दिवशी महेशभाई माझ्या टेबलासमोर उभे राहिले. घरात कांदाही न खाणारा माणूस. ‘‘गजानन, गलती होते. पण बांगडा? माझ्या कंपनीच्या नावाखाली बांगडा?’’

‘‘सर, सुरमईपण लिहिलं होतं,’’ मी म्हणालो. घाबरलो की मी माहिती पूर्ण देतो.

‘‘बंद कर ते. सोमवारी तयारवाले येतायत दाखवायला. तू तुझं दुसरीकडे बघून ठेव.’’

मी मान खाली घालून खिडकी बंद करायला वाकलो. शर्टाच्या खिशात हिंगोलीचं तिकीट आल्यासारखं वाटत होतं. तेवढ्यात शेजारची खुर्ची सरकली.

‘‘महेशभाई, मी बसते त्या खिडकीवर,’’ परबताई म्हणाल्या. ‘‘एक आठवडा. फोन मुली घेतील. नाही जमलं तर मग आणा तुमचे तयारवाले.’’

‘‘मॅडम, तुम्हाला टाइप कुठे येतं?’’

‘‘येईल.’’

महेशभाई जवळ आले. वाईट माणूस नाही तो. आवाज खाली आणून म्हणाले, ‘‘हे चाललं ना, तर फोनचं टेबल मी बंद करणार. तुम्हाला कळतंय ना मी काय बोलतोय?’’

‘‘हं,’’ परबताई म्हणाल्या.

त्यांचे सगळे ‘हं’ मला पाठ होते असा माझा समज होता. हा त्यातला नव्हता.

महेशभाई गेल्यावर मी विचारलं, ‘‘ताई, कशापायी केलं? तुमचीच खुर्ची जाईल की.’’

‘‘टेबल जाणारच आसा. माका कधीपासून ठावक आसा. तू आण नायतर बाहेरून येऊ दे.’’ त्यांनी चष्मा पुसला. ‘‘पण तिथे बसलेला कोणीतरी धड बोलायला नको? बाहेरच्या डब्याला मी कुठे शिकवायला जाऊ? तू निदान ऐकतोस. उशिरा ऐकतोस, पण ऐकतोस.’’

तो आठवडा मी कधी विसरणार नाही. परबताई एका बोटाने लिहायच्या, जिभेचं टोक बाहेर काढून. लांब उत्तर एकदम लिहीत बसल्या तर गिऱ्हाईक पळेल, म्हणून तुकड्या-तुकड्याने पाठवायच्या. ‘बघते.’ ‘खालचा नळ बंद करा.’ ‘केला?’ ‘आता आवाज येतो?’ मी बसवलेलं तयार उत्तर, ‘आपल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत’, त्यांनी पहिल्याच दिवशी काढायला लावलं. ‘‘दिलगीर कोण बोलतं? तुझी आई बोलते?’’ त्या जागी काय लिहू विचारलं, तर फोन उचलताना त्या जे म्हणायच्या तेच सांगितलं: बोला, काय झालं? महेशभाई मागे उभे राहून बघायचे. लोक खिडकी सोडून जात नव्हते. दोन-तीन जणांनी तर शेवटी बाईंचं नाव विचारलं. तयारवाल्यांना नको म्हणून फोन गेला आणि माझी नोकरी राहिली.

टेबल दिवाळीनंतर बंद झालं. मुली खिडकीवर बसू लागल्या. परबताईंनाही खुर्ची मिळाली, पण पडद्याने त्यांच्या डोळ्यांना पाणी यायचं. काही महिन्यांनी त्याच म्हणाल्या, ‘‘माणसं येतात रे, पण आवाज येत नाही. माझं काम आवाजाचं.’’ निरोपाच्या दिवशी महेशभाईंनी ढोकळा मागवला आणि मला दोन शब्द बोलायला उभं केलं. सगळे माझ्याकडे बघत होते. रात्रभर घोकलेलं भाषण उडून गेलं आणि मी म्हणालो, ‘‘होऊन जाईल सर.’’ परबताई सगळ्यात मोठ्याने हसल्या. मी खाली बसलो आणि ढोकळा खात राहिलो, म्हणजे तोंड वर करायला नको.

मधूनमधून मी त्यांच्याकडे जातो. जोगेश्वरीला गुंफांच्या बाजूला त्यांची एक खोली आहे. यजमान गेले, प्रसाद आखातात. गेल्या खेपेला गेलो तेव्हा त्या फोनवर होत्या. मला हाताने बसायची खूण केली आणि ऐकत राहिल्या. बराच वेळ. मला वाटलं, मुलाचा फोन असेल. ठेवल्यावर म्हणाल्या, ‘‘कर्ज हवंय का विचारत होती. नको सांगितलं.’’

‘‘एवढा वेळ लागला नको सांगायला?’’

‘‘पोरगी पाठ केलेलं बोलत होती. मध्येच अडली. दिवसभर सगळे तिच्या तोंडावर फोन आपटत असतील. म्हटलं, एकीने तरी शेवटपर्यंत ऐकावं.’’ मग खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, ‘‘हल्ली दुसरा फोन येत पण नाय कोणाचो.’’

घरी जाताना मी वाटेत ठरवलं. आमच्या चॅटच्या खिडकीत मी एक बटण करतोय: ‘बोलून सांगा’. ज्यांना लिहिता येत नाही, ज्यांना लिहून समाधान होत नाही, त्यांनी ते दाबायचं, आणि इकडे जोगेश्वरीत परबताईंनी घरबसल्या उचलायचं. रीतसर नोकरी, पगारासकट. महेशभाईंना दोनदा विचारून झालं. पहिल्यांदा ‘गरज काय?’ म्हणाले, दुसऱ्यांदा ‘बघू’ म्हणाले, म्हणजे प्रगती आहे. बटण अर्धं झालंय. सध्या ते दाबून बोललं की माझाच आवाज माझ्या कानात परत येतो, आणि तो ऐकायला मला स्वतःलाही आवडत नाही. पण ते मी दुरुस्त करीन, महेशभाईंच्या मागेही लागेन.

परबताई, मी हिंगोलीला परत गेलो नाही ते तुमच्यामुळे, आणि त्यात तुमची खुर्ची गेली. ती मी तुम्हाला परत आणून देणार आहे. कधी ते विचारू नका, माझं सगळं हळू चालतं. तोवर फोन तेवढा चार्ज करून ठेवा.